अठ्ठावीस पायांची गर्दी

कुंभीच्या रानात राजा नव्हता. राजेशाही कधीच बंद झाली होती. एक अस्वल होतं, ते दर पाच वर्षांनी निवडून यायचं.

त्याचं नाव भालबा, हुद्दा वनप्रमुख. भालबा स्वभावानं वाईट नव्हता. त्याला मध आवडायचा, भाषण आवडायचं आणि उद्घाटन आवडायचं. तिन्हींतलं एक सोडायला सांगितलं असतं, तर त्यानं मध सोडला असता.

रानात उन्हाळ्यात टिकणारं पाणी एकाच ठिकाणी होतं. तिन्ही बाजूंनी उभे कडे, मधे तळं आणि चौथ्या बाजूला दोन खडकांमधली अरुंद खिंड. जनावरं खिंडीतून आत जायची, पाणी प्यायची, परत यायची. याला कुठलीही योजना लागत नव्हती. त्यामुळे त्याचं श्रेय कुणालाच घेता येत नव्हतं, आणि ही गोष्ट भालबाच्या मनाला फार लागून राहिली होती.

एका हिवाळ्यात तो शेजारच्या रानात अभ्यासदौऱ्यावर गेला. तिथं जवळ गेलं की आपोआप उघडणारं एक दार होतं. भालबा त्या दारातून चौदा वेळा आत गेला आणि चौदा वेळा बाहेर आला. अभ्यास तिथंच पूर्ण झाला. परत आल्यावर त्यानं सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! सत्तर उन्हाळे या रानात काय होतं? जनावरं हुशार होती आणि वस्तू मठ्ठ होत्या. ही परिस्थिती आम्ही उलटी करून दाखवू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. 'हुशार रान योजना' मंजूर झाली.

योजना तीन खात्यांत वाटली गेली, कारण सरकार तीन पक्षांचं होतं. तिन्ही मंत्री एकाच ओंडक्यावर बसत, पण एकमेकांशी बोलत नसत. बोललं की युती तुटते, असा तिघांचाही अनुभव होता. म्हणून प्रत्येकानं आपापलं यंत्र आपापलं मागवलं.

पाणी खातं रेडेसाहेबांकडे होतं. त्यांनी खिंडीत हुशार फाटक बसवलं. भोंगा वाजला की मिटायचं, भोंगा थांबला की उघडायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

गृह खातं तरससाहेबांकडे. त्यांनी हुशार भोंगा बसवला. भोंग्याला एक काचेचा डोळा होता आणि तो खिंडीसमोरच्या पटांगणावर रोखलेला असे. गर्दी जमली की भोंगा वाजायचा, गर्दी पांगली की थांबायचा. गर्दी म्हणजे किती, हे ठरवायला तीन बैठका झाल्या आणि शेवटी आकडा निघाला सात. पण डोळ्याला डोकी मोजता येत नव्हती. तो पाय मोजायचा. सात चोक अठ्ठावीस. अठ्ठावीस पाय म्हणजे गर्दी.

प्रसिद्धी खातं साळुंकीताईंकडे. त्यांनी हुशार कर्णा बसवला. फाटक उघडू लागलं की कर्ण्यातून भालबाचं भाषण सुरू व्हायचं, म्हणजे पाणी खुलं झाल्याचं सगळ्या रानाला कळायचं. फाटक मिटलं की भाषण बंद. किती वेळा उघडलं, ते कर्णा स्वतःच मोजून ठेवायचा.

तिन्ही यंत्रं उन्हावर चालायची. ऊन मावळलं की फाटक मिटायचं, ते थेट सकाळपर्यंत.

तिन्ही यंत्रांची वेगवेगळी चाचणी झाली आणि तिन्ही यंत्रं उत्तीर्ण झाली. एकत्र चाचणी घ्यावी असं कुणी सुचवलं नाही. ते खातंच कुणाकडे नव्हतं.

*

लोकार्पणाचा दिवस उजाडला. चैत्र लागला होता. भालबानं वेल कापली, आणि फाटक सरकारी यंत्राला शोभेल अशा संथपणे उघडू लागलं. कर्णा गरजला, "बंधूंनो आणि भगिनींनो, आज हा पाणवठा आपल्या—"

ते ऐकून तहानलेलं रान पटांगणात धावत आलं. डोळ्यानं पाय मोजले. भोंगा वाजला. भोंगा वाजला म्हणून फाटक मिटलं. फाटक मिटलं म्हणून भाषण तुटलं. गृह खात्याच्या रानकुत्र्यांनी जनावरं पांगवली. पांगली म्हणून भोंगा थांबला. थांबला म्हणून फाटक उघडू लागलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो, आज हा पाणवठा आपल्या—"

जनावरं पुन्हा धावली. भोंगा वाजला. फाटक मिटलं.

संध्याकाळपर्यंत हे असंच चाललं. फाटक कधी वीतभराच्या वर उघडलंच नाही. त्या फटीतून उंदीर आणि सरडे तेवढे आत शिरले, म्हणून पाणी खात्याच्या अहवालात लाभार्थींच्या रकान्यात शून्य कधीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साळुंकीताईंनी रानभर बातमी दिली: 'एकाच दिवसात एकशे दहा लोकार्पणं! विक्रम!'

भालबाला भरून आलं. आयुष्यात एवढी उद्घाटनं त्यानं केली नव्हती आणि ही तर बसल्या जागी झाली होती.

जनावरांनी आपापल्या परीनं मार्ग काढून पाहिले. चितळांनी ठरवलं, सहा-सहाच्या गटानं जायचं, चोवीस पाय होतील, भोंगा गप्प राहील. सहा जण शहाण्यासारखे पटांगणात उभे राहिले. फाटक वीतभर उघडलं, हातभर उघडलं. तेवढ्यात बाजूच्या दगडाखालून एक गोम बाहेर आली. तिलाही तहान लागली होती.

भोंगा असा काही कोकलला की झाडावरची पाखरं उडाली. रानकुत्र्यांनी चितळांना सोडून दिलं, कारण ते नियमात होते. गोमेवर मात्र एकटीनं बेकायदा जमाव जमवल्याचा गुन्हा दाखल झाला.

*

फाटकाच्या देखभालीला एक साळिंदर होती, द्वारकाक्का. रुळावरचा पाचोळा काढणं, बिजागरीतल्या मुंग्या झटकणं हे तिचं काम. साळिंदरं खरं तर रात्री हिंडणारी, पण नोकरी कंत्राटी होती आणि कंत्राटात दिवसपाळी लिहिली होती. द्वारकाक्का डोळे किलकिले करून उन्हात उभी राहायची आणि ते उघडणं-मिटणं दिवसभर बघायची.

तिच्या बिळाजवळ इंदू नावाची भेकर राहायची. ती गाभण होती, दिवस भरत आले होते. तीन दिवस ती सगळ्यांबरोबर धावली. चौथ्या दिवशी तिनं धावणं सोडलं आणि करवंदांच्या जाळीत पडून राहिली. द्वारकाक्का तिला करवंदं चावायला द्यायची.

"अक्का, करवंदांनी तोंड ओलं होतं, पोट नाही होत," इंदू म्हणाली.

"उद्या मी साहेबांना भेटते."

"साहेब काय करणार?"

"साहेब आहेत ना ते. काहीतरी करतीलच की."

दुसऱ्या दिवशी द्वारकाक्का रेडेसाहेबांकडे गेली. पाणी खात्याच्या कार्यालयात गुडघाभर चिखल होता आणि साहेब त्यात बसले होते. एवढं पाणी तिथं कुठून आलं, हे विचारायची पद्धत नव्हती.

"साहेब, फाटक दिवसभर उघड-मीट करतंय."

"भोंगा वाजला की मिटतं?"

"मिटतं."

"थांबला की उघडतं?"

"उघडतं, पण—"

"मग बिघडलंय काय?"

"पाणी कुणालाच प्यायला मिळत नाही, साहेब."

रेडेसाहेबांनी कान हलवला. "निविदेत उघडणं लिहिलंय, मिटणं लिहिलंय. पिणं कुठं लिहिलंय, दाखव मला."

ती तरससाहेबांकडे गेली. तरससाहेब कशावरही हसत, म्हणून बातमीदारांना ते खेळकर वाटत. "माझा भोंगा चुकतो का? नाही ना? हॅ हॅ हॅ. गर्दी होते म्हणून वाजतो. लोकांनी गर्दी करू नये."

"तहान लागल्यावर काय करायचं मग?"

"एकेकट्यानं तहान लागू द्यावी. हॅ हॅ हॅ."

साळुंकीताईंनी तिला बसायला फांदी दिली, आपुलकीनं चौकशी केली आणि सांगितलं की कर्ण्याचा आकडा चारशेच्या वर गेला आहे, या टप्प्यावर यंत्राला हात लावणं जनभावनेच्या विरोधात होईल.

तरीही तक्रार कागदावर आली होती. म्हणून सरकारनं उपाय केला. उपायाचं नाव होतं 'संयम'. भोंगा थांबल्यावर फाटकानं लगेच न उघडता शंभर आकडे मोजायचे. त्यानं फरक पडला. पूर्वी जनावरं दिवसाला शंभर वेळा निराश व्हायची, आता पन्नास वेळाच होऊ लागली, पण प्रत्येक वेळी दुप्पट. थांबून थांबून गर्दीही दुप्पट जमायची आणि भोंगा दुप्पट वेळ वाजायचा.

मग विरोधी पक्ष जागा झाला. विरोधी नेते वानरअण्णा चिंचेच्या शेंड्यावर चढून म्हणाले, "जनावरांच्या तोंडचं पाणी पळवणाऱ्या या सरकारला आम्ही स्वस्थ बसू देणार नाही!" त्यांनी स्वतःचं एक यंत्र बसवलं, हुशार निषेधक. फाटक मिटलं की निषेधक ओरडायचा, "या, या, निषेधाला या!" जनावरं निषेधाला जमायची. म्हणजे आता फाटक उघडताना गर्दी व्हायची आणि मिटल्यावरही व्हायची. निषेधकालाही आकडा मोजता यायचा. रोज संध्याकाळी साळुंकीताई लोकार्पणं जाहीर करायच्या आणि वानरअण्णा आंदोलनं. दोन्ही आकडे सारखेच असायचे. दोन्ही बाजू समाधानी होत्या.

तळं काठोकाठ भरलेलं होतं.

*

नवव्या दिवशी इंदू उठली. पोटातलं पाडस हलायचं थांबलंय की काय, अशी भीती तिला वाटली आणि ती जाळीतून निघून सरळ खिंडीकडे चालू लागली. फाटक नुकतंच उघडू लागलं होतं. कर्णा सुरू झाला. रान धावत आलं, भोंगा वाजला. इतर जनावरं भोंगा ऐकून थबकली, पण इंदूच्या कानांत तेवढं त्राण उरलं नव्हतं. ती फटीत शिरली, अर्धी आत गेली आणि तिचे पुढचे पाय मुडपले. फाटकाच्या बरोबर मधोमध ती कोसळली.

फाटक मिटायला आलं, तिच्या कुशीला टेकलं आणि थांबलं. कुणाचं अंग मधे असेल तर मिटायचं नाही, ही एक गोष्ट बनवणाऱ्यानं आपल्या मनानं त्याच्यात घालून ठेवली होती. निविदेत ती नव्हती.

भोंगा वाजत होता आणि फाटक उघडं होतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. क्षणभर सगळं रान जागच्या जागी उभं राहिलं. मग सर्वांत आधी रानकुत्रे आत पळाले. नऊ दिवस जनावरांना हाकून त्यांचेही घसे कोरडे पडले होते. त्यांच्यामागून चितळं, सांबरं, डुकरं, ससे, सगळे इंदूला ओलांडून आत गेले. ओलांडताना प्रत्येक जण पाय वर घेत होता. एवढ्या घाईत एकाचाही खूर तिला लागला नाही.

द्वारकाक्कानं गवताचा बोळा तळ्यात बुडवून आणला आणि इंदूच्या तोंडात पिळला. एकदा, दोनदा, दहादा.

"गिळ, इंदे. गिळ बाई."

इंदूनं गिळलं. थोड्या वेळानं तिच्या पोटावर आतून एक लाथ उमटली. द्वारकाक्कानं ती पाहिली आणि मगच ती खाली बसली.

पोटभर पाणी पिऊन जनावरं आपापल्या घरी गेली. कुणाला हाकलावं लागलं नाही. पटांगण रिकामं झालं, भोंगा आपोआप थांबला. फाटक शांत उघडं राहिलं. प्यायलेलं जनावर भाषण ऐकून परत येत नाही, म्हणून गर्दीही झाली नाही. तासभर रानात भाषणाखेरीज कसलाही आवाज नव्हता.

द्वारकाक्का त्या शांततेकडे बघत राहिली. मग तिनं पाठीवरचा एक काटा उपटला आणि चिखलात रोवला. हे फाटक. दुसरा रोवला, हा कर्णा. तिसरा गर्दी, चौथा भोंगा. एक वेल घेऊन तिनं फाटकावरून कर्ण्याकडे नेली, कर्ण्यावरून गर्दीकडे, गर्दीवरून भोंग्याकडे आणि भोंग्यावरून पुन्हा फाटकाकडे. वेलीचं कडं झालं. ती हसली.

"इंदे, बघ. चूक एकाचीही नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून शहाण्यासारखं वागतोय, म्हणून सगळे मिळून वेड्यासारखं फिरताहेत. यातल्या कुठल्याही एकाला घट्ट धरून ठेवलं ना, की बाकीचे आपोआप थांबतात. आज फाटकाला तू धरलंस."

"मी पडले होते, अक्का."

"सरकारला तेही जमलेलं नाही."

*

त्या दिवशी लोकार्पणं फक्त सात झाली. आकडा एवढा पडलेला पाहून सरकार हादरलं. इंदूला सरकारी कामात अडथळा आणल्याची नोटीस गेली आणि भालबानं 'अस्थिरता निवारण समिती' नेमली. समितीत तिन्ही मंत्री होते. सर्वपक्षीय दिसावी म्हणून वानरअण्णाही होते.

द्वारकाक्काला साक्षीला बोलावलं. ती आनंदानं गेली. आता काम होणार, अशी तिची खात्री होती. रात्रभर तिनं काटे धुऊन ठेवले होते. समितीसमोर तिनं ते रोवले, या वेळी निषेधकासाठी पाचवाही, आणि वेल फिरवून दाखवली. एरवी कुणाचं न ऐकणारे मंत्री मान डोलावून ऐकत होते. तिनं सोपं करून सांगितलं होतं: यातल्या कुठल्याही एकाला धरलं, की बाकीचे आपोआप थांबतात.

"म्हणजे एकाला धरायचं," भालबा म्हणाला. "फक्त एकाला?"

"फक्त एकाला, साहेब. ज्याला धरल्यानं कमीत कमी नुकसान होईल, त्याला. माझं ऐकाल तर भोंगा धरा. तो थांबला की फाटक उघडं राहील, लोक पितील आणि घरी जातील."

तरससाहेबांचं हसू पहिल्यांदाच थांबलं. "भोंगा बंद? म्हणजे कायदा-सुव्यवस्था बंद? उद्या हीच गर्दी इथपर्यंत येईल. मग कुठं जाल?"

समितीनं मागं वळून दाराकडे पाहिलं.

"मग फाटक काढून टाका," द्वारकाक्का म्हणाली. "पूर्वी नव्हतंच."

रेडेसाहेब उठून उभे राहिले. "फाटक काढलं तर पाणी खात्याकडे काय उरलं? नुसतं पाणी? त्याच्यासाठी मी शपथ घेतली का?"

"बरं, कर्णा थांबवा. लोक गडबडीनं एकदम धावणार नाहीत, सावकाश येतील."

साळुंकीताईंचा आवाज कापला. "साहेबांचं भाषण थांबवायचं? निवडणूक दोन महिन्यांवर आली असताना?"

भालबानं डोळे मिटून घेतले. त्याला हे ऐकवलं नाही.

शेवटी सगळ्यांनी वानरअण्णांकडे पाहिलं. वानरअण्णा गंभीरपणे म्हणाले, "निषेधक हा लोकशाहीचा प्राण आहे. सरकारचा कर्णा थांबल्याशिवाय आम्ही तो थांबवणार नाही. आणि सरकारनं कर्णा थांबवावा अशी आमची मुळीच मागणी नाही."

भालबा काट्यांकडे बघत होता. एकेका काट्यावर पंजा ठेवत त्यानं पुटपुटत मोजलं. हे रेड्याचं. हा तरसाचा. हा साळुंकीचा. हा वानराचा. मग त्याचा पंजा उरलेल्या काट्यावर थांबला.

"आणि हा कुणाच्या खात्याकडे आहे?"

"ती गर्दी आहे, साहेब," द्वारकाक्का म्हणाली.

"तिचा मंत्री कोण?"

"तिला मंत्री नाही."

"म्हणजे हिला धरलं तर कुणाची हरकत नाही."

ओंडक्यावर एकदम मोकळं वातावरण पसरलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तिन्ही मंत्री एकमेकांशी बोलू लागले. रेडेसाहेब म्हणाले, इतका साधा उपाय होता आणि आपण उगीच यंत्रांवर संशय घेत बसलो. वानरअण्णांनी दुरुस्ती सुचवली की 'धरणे' हा शब्द कठोर वाटतो, 'स्थगिती' म्हणावं. दुरुस्ती स्वीकारली गेली.

"साहेब, तसं नव्हे!" द्वारकाक्का ओरडली. "ती गर्दी नाही, तहानलेली जनावरं आहेत! पाणी पिण्यासाठीच तर हे सगळं—"

"तुम्हीच म्हणालात ना, कुठल्याही एकाला धरलं तरी चालतं?" भालबानं मायेनं विचारलं. "इतिवृत्तात आहे ते."

इतिवृत्तात ते होतंच.

*

दुसऱ्या दिवशी तहान स्थगिती आदेश निघाला. 'ज्यांना तहान लागली असेल त्यांनी ती आपापल्या ठिकाणीच ठेवावी. तहानेची नोंद करावी. पाळी आल्यावर कळवण्यात येईल. पाळी येईपर्यंत पाणवठ्याच्या दिशेनं पाहू नये.' प्रत्येक वाटेवर एक रानकुत्रा बसला. नोंदणी करणारा बगळा एका पायावर उभा होता. अर्ज घेण्यासाठी दुसरा पाय खाली टेकण्याची परवानगी त्याला अजून वरून आली नव्हती.

उपाय अचूक लागू पडला. सकाळी फाटक उघडू लागलं. पटांगणात कुणी आलं नाही. भोंगा वाजला नाही. फाटक वीतभर उघडलं, हातभर उघडलं, पूर्ण उघडलं आणि तसंच राहिलं. निषेधकाला ओरडायला कारण मिळालं नाही. कर्ण्यातलं भाषण अर्ध्यात न तुटता पुढं गेलं. सव्वा तास चाललं आणि शेवटच्या वाक्याला पोचलं: "—म्हणून आमच्या कारकिर्दीत या रानात एकही जीव तहानलेला राहणार नाही!"

रिकाम्या पटांगणात ते खणखणीत ऐकू आलं.

आजूबाजूच्या रानांतून शिष्टमंडळं येऊ लागली. पूर्ण उघडं फाटक, शांत भोंगा, कुठं रांग नाही, कुठं रेटारेटी नाही. पाहुणे विचारायचे, "इतकी स्थिरता आणलीत कशी?" भालबा नम्रपणे सांगायचा, "लोकांचं सहकार्य."

द्वारकाक्काला कामावरून काढलं. सरकारी बैठकीत खाजगी काटे वापरले, हे कारण लिहिलं होतं. ती बिळात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. दोन दिवस काही खाल्लं नाही तिनं.

"अक्का, तुझी काय चूक?" इंदू बिळाच्या तोंडाशी येऊन म्हणाली.

"मीच दाखवलं त्यांना. पाच काटे होते. कुठला धरायचा ते मला ठाऊक होतं, आणि मी सांगून बसले की कुठलाही चालेल. त्यांना तेवढाच शब्द हवा होता."

"बरं, झालं ते झालं. आता मला पाणी हवंय. ते रडून येणार असेल तर रड."

द्वारकाक्कानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग ती उठली. साळिंदरांना दोनच गोष्टी चांगल्या येतात, काटे उभारणं आणि खणणं. पहिलीनं काय झालं ते दिसलंच होतं. बिळामागं कोरडा ओढा होता. त्याच्या वळणावर, जिथं वाळू अजून जराशी गार लागत होती, तिथं तिनं खणायला सुरुवात केली. सकाळी वाळू निघाली, दुपारी ओली वाळू निघाली. तिसऱ्या प्रहरी खड्ड्याच्या तळाशी गढूळ पाणी जमलं आणि हळूहळू निवळलं.

पहिली इंदू प्यायली. किती वेळ तिनं मान वर केली नाही.

ही बातमी कुणी कर्ण्यावरून दिली नाही, तरी ती रानभर गेली. वाटेवरचे रानकुत्रे आपला आदेश काटेकोर पाळत होते. पाणवठ्याच्या दिशेनं जाणाऱ्याला अडवायचं, एवढाच आदेश होता आणि ओढा उलट्या दिशेला होता. शिवाय पाळी संपली की तेही तिकडंच जायचे. डुकरांनी सुळ्यांनी असेच आणखी दोन झिरे उकरले. झिरा लहान, एका वेळी चौघं-पाचजण मावायची. बाकीची पलीकडे सावलीत बसायची आणि प्यालेला उठला की पुढचा जायचा. बारक्यांना आधी सोडायचे. सात जमले काय आणि सत्तर जमले काय, मोजायला कुणी नव्हतं. जामिनावर सुटलेली गोमही यायची आणि जरा लाजून कडेनं प्यायची.

इंदूला पाडस झालं. काटकुळं होतं, पण उभं राहिलं. द्वारकाक्कानं त्याला हुंगून पाहिलं आणि पाठ फिरवून बराच वेळ वाळू उपसत राहिली. वाळू उपसायची खरं तर गरज नव्हती.

*

दोन महिन्यांनी निवडणूक झाली. मतदान पटांगणात होतं. एका वेळी सातांनी यायचं नाही, आणि खिंडीच्या दिशेनं पाहायचं नाही, हे दोन्ही आदेश लागू होतेच. ते तोडून मतपेटीपर्यंत जायला कुणाचे पाय वळले नाहीत. सगळं रान झिऱ्यावर होतं.

संध्याकाळी निकाल लागला. मतदान शून्य टक्के झालं. भालबाच्या विरोधात एकही मत न पडल्यामुळे तो बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर झालं. साळुंकीताईंनी बातमी दिली की मतदान अत्यंत शांततेत पार पडलं, कुठंही अनुचित प्रकार घडला नाही. वानरअण्णांनी जनादेश विनम्रपणे स्वीकारला.

नव्या सरकारच्या पहिल्याच बैठकीत पाणी खात्यानं अहवाल ठेवला की ओढ्याच्या वळणावर काही अनधिकृत पाणी आढळलं आहे. भालबा स्वतः लांबून पाहून आला. जनावरं कशी येतात, कशी पितात, कशी जातात, हे त्यानं झाडाआडून बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे पाणावले. एवढं सुरेख चाललेलं काम आणि उद्घाटन झालेलं नाही!

ठराव मांडला जात होता तेव्हा द्वारकाक्का टेकडीच्या पलीकडच्या उताराला वाळू हुंगत फिरत होती. इंदू आणि तिचं पाडस मागून चालली होती. एका जागी ती थांबली, पंजानं माती चाचपली आणि खणायला लागली.

झिऱ्याला हुशार फाटक बसवण्याचा ठराव बहुमतानं संमत झाला. विरोधी पक्षानं सभात्याग केला. त्यांना फाटकाचा रंग मान्य नव्हता.